फेडर बनवून घेताना: फॉर्मवरचे कोणते रकाने आधी भरायचे

तलवार घडवून देणाऱ्या कार्यशाळेचा ऑर्डर-फॉर्म उघडला की वीस-पंचवीस रकाने समोर येतात. पात्याची लांबी, लवचीकपणा, टोकाचा प्रकार, क्रॉसगार्डची (मुठीपुढच्या आडव्या दांडीची) रुंदी, मुठीचा आकार, पॉमेल (मुठीच्या मागच्या टोकाचा गोळा), चामड्याचा रंग, नाव कोरायचं का. सगळे रकाने एकाच मापाचे, एकाखाली एक. पहिल्यांदा तलवार मागवणाऱ्याला मग वाटतं की सगळ्यांना महत्त्व सारखंच आणि प्रत्येक गोष्ट सुटी-सुटी निवडता येते. दोन्ही समज खोटे. पातं पाच सेंटिमीटरने लांब मागितलं की त्याचा तोल पुढे सरकतो, लवचीकपणा वाढतो आणि मुठीची लांबीही पुन्हा बघावी लागते. चामड्याचा रंग बदलला तर चामड्याचा रंगच बदलतो.

ऐतिहासिक युरोपीय युद्धकलेत (खेळणारे तिला ‘हेमा’ म्हणतात, मराठी कानाला हे एखाद्या मैत्रिणीचं नाव वाटेल) दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीच्या सरावासाठी जी बोथट तलवार वापरतात, ती फेडर. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

फेडर दिसते तशी का असते

फेडर म्हणजे नुसती धार बोथट केलेली खरी तलवार नव्हे. तिची घडणच वेगळी. पातं अरुंद, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीचं, आणि मुठीपासून टोकाकडे जाताना पातळ होत जाणारं. क्रॉसगार्डच्या पुढे लगेच पात्याचा एक रुंद पत्रा दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. त्याला शिल्ट म्हणतात. १५७० साली स्ट्रासबुर्गमध्ये योआखिम मायरने छापलेल्या ग्रंथातल्या चित्रांत अशाच तलवारी घेऊन माणसं सराव करताना दिसतात, म्हणजे ही कल्पना आजची नाही.

शिल्टचं मुख्य काम वजन हाताजवळ ठेवण्याचं. पातं अरुंद केल्यामुळे जे वजन कमी झालं त्यातलं थोडं शिल्टच्या रूपाने मुठीपाशी परत येतं. त्यामुळे तलवारीचं एकूण वजन खऱ्या तलवारीइतकं राहतं, पण टोकाकडचा भाग हलका आणि लवचीक होतो. समोरच्याला भोसकलं तर पातं वाकतं, वार केला तर टोकाकडचा मार कमी बसतो. शिल्ट हाताचं थोडं रक्षण करते आणि पात्याच्या सपाट बाजूवर अंगठा टेकवायला जागाही देते.

दुसरा पर्याय साध्या बोथट तलवारीचा. तिचं पातं रुंद आणि खऱ्या तलवारीच्या आकाराचं असतं. पात्याला पातं भिडतं तेव्हाचा स्पर्श तिच्यात जास्त खरा वाटतो, पण भोसकताना ती सहसा कमी वाकते आणि तिचा वार जड बसतो. सावकाश जोडीने करायच्या सरावाला ती उत्तम. मोकळ्या लढतीसाठी पहिलीच तलवार घ्यायची असेल तर फेडर घ्या, यात फार विचार करू नका.

फॉर्म भरण्याआधी एक काम. ज्या गटात सराव करणार आणि ज्या स्पर्धांना जाणार, त्यांचे नियम वाचा. कमाल एकूण लांबी, किमान व कमाल वजन, कडेची किमान जाडी, टोकाचा प्रकार, लवचीकपणा यांवर बहुतेक ठिकाणी काही ना काही अट असते, आणि ती सगळीकडे एकसारखी नसते. तपासणीच्या टेबलावर एक सेंटिमीटर जास्त भरलेली तलवार बाजूला ठेवली जाते; तिथे कोणी हुज्जत ऐकून घेत नाही.

लांबी

१५व्या शतकाच्या अखेरीस फिलिप्पो वादी या इटालियन गुरूने सोपं माप दिलं: तलवार टोकावर उभी केली की पॉमेल काखेखाली आलं पाहिजे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हे माप साधारण १२४ सेंटिमीटरच्या आसपास येतं. आजच्या फेडर याहून लांब असतात. एकूण १३० ते १३५ सेंटिमीटर हे नेहमीचं माप, त्यात पातं ९५ ते १०३ आणि उरलेली मूठ. कारण उघड आहे. लढतीत लांब तलवार आधी पोहोचते, म्हणून जो तो लांबी मागतो.

पण त्याची किंमत मोजावी लागते. जवळच्या झटापटीत लांब पातं वळवायला जागा उरत नाही. बुटक्या माणसाचं टोक खालच्या पवित्र्यात जमिनीला घासतं. आणि लांबीबरोबर पातं मऊ होत जातं, त्याचा हिशेब पुढे येईलच. आमचं मत असं की काखेच्या मापात चार ते आठ सेंटिमीटर मिळवा आणि तिथे थांबा. हात वाढवून पल्ला मिळवता येतो, पाय टाकूनही मिळवता येतो; लांब तलवारीचा बोजा मात्र प्रत्येक हालचालीत सोबत राहतो.

वजन आणि तोल

बहुतेक फेडर १३५० ते १६५० ग्रॅममध्ये बसतात. फार हलकी तलवार वेगाने फिरते, पण पात्याला पातं भिडलं की सहज बाजूला ढकलली जाते. फार जड तलवार समोरच्याच्या बोटांना महागात पडते.

तोलबिंदू म्हणजे पातं बोटावर आडवं ठेवल्यावर तलवार जिथे स्थिर राहते ती जागा. ती क्रॉसगार्डच्या पुढच्या कडेपासून मोजतात. पाच ते दहा सेंटिमीटर हा सर्वसाधारण पट्टा. आता इथे एक सापळा आहे. अनेकजण ‘तोल पाच सेंटिमीटरवर हवा’ असं लिहून पाठवतात, कारण आकडा जितका कमी तितकी तलवार चपळ असं ऐकलेलं असतं. कारागिराकडे तो आकडा गाठायचा सोपा मार्ग असतो: पॉमेल जड करायचं.

हिशेब करून पाहू. तलवार १५०० ग्रॅमची, तोल ८ सेंटिमीटरवर, पॉमेलचा मध्य क्रॉसगार्डच्या मागे २७ सेंटिमीटरवर. पॉमेलमध्ये ६० ग्रॅम वाढवले तर:

(१५०० × ८ − ६० × २७) ÷ १५६० = सुमारे ६.७ सेंटिमीटर

तोल १.३ सेंटिमीटर मागे आला. आता पॉमेलला हात न लावता टोकापासचे, म्हणजे क्रॉसगार्डपासून सुमारे ९३ सेंटिमीटरवरचे, फक्त २० ग्रॅम घासून काढले तर:

(१५०० × ८ − २० × ९३) ÷ १४८० = सुमारे ६.९ सेंटिमीटर

आकडा जवळपास तोच. पण पहिली तलवार ६० ग्रॅमने जड झाली, दुसरी २० ग्रॅमने हलकी. शिवाय एखादी वस्तू फिरवताना तिचा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून टोकाकडचे २० ग्रॅम कमी होणं हाताला लगेच जाणवतं. पहिल्या तलवारीत टोक होतं तितकंच जड आहे, फक्त मागे एक वजन टांगलंय. अशी तलवार हातात घेताना छान वाटते आणि थांबवताना हट्टी वाटते.

म्हणून फॉर्ममध्ये तोलाचा एक आकडा लिहिण्याऐवजी पट्टा लिहा, ‘६ ते ८ सेंटिमीटर, एकूण १४५० ग्रॅमच्या आत’ असा. वजनाची मर्यादा घातली की पॉमेल जड करायची पळवाट बंद होते आणि तोल पातं पातळ करूनच साधावा लागतो.

कोणाची तलवार हातात घ्यायला मिळाली तर एक चाचणी करा. क्रॉसगार्डच्या मागे मूठ दोन बोटांत सैल धरा, टोक खाली लोंबू द्या आणि हात डावी-उजवीकडे हलवा. पात्यावरची एक जागा जवळजवळ स्थिर राहते, तिच्याभोवती बाकीची तलवार हलते. ही जागा टोकाच्या जवळ असेल तर टोक नेमकं ठेवणं सोपं जातं. ती पात्याच्या मध्यावर असेल तर हात हलला की टोक उलट दिशेला भरकटतं.

लवचीकपणा: सगळ्यात जास्त गैरसमज इथे

फॉर्मवर ‘मऊ, मध्यम, ताठ’ असे तीन पर्याय असतात, किंवा किलोग्रॅममध्ये आकडा असतो. हा आकडा काढायची पद्धत साधी. वजनकाट्यावर लाकडाची फळी ठेवायची, तलवार उभी धरून टोक फळीवर टेकवायचं आणि पातं ठळकपणे वाकेपर्यंत सरळ खाली दाबायचं. काटा जो भार दाखवतो तो लवचीकपणा; आकडा जितका मोठा तितकं पातं ताठ. फेडरसाठी साधारण ८ ते १२ किलो. गंमत अशी की पातं एकदा वाकायला लागलं की आणखी दाबलं तरी काटा फारसा वर जात नाही. बारीक, लांब दांडी बाकायला लागली की तिचा विरोध जवळपास तेवढाच राहतो, आणि फेडर सुरक्षित असण्याचं कारण नेमकं हेच: भोसकणाऱ्याने जोर केला तरी समोरच्याच्या छातीवर एका मर्यादेपलीकडे दाब जात नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा आकडा मूठ कशी धरली यावर बराच बदलतो. घट्ट पकडून मनगट ताठ ठेवलं तर जास्त येतो, पॉमेलवर तळवा ठेवून सोडलं तर कमी. म्हणून दोन कार्यशाळांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका; एकाच माणसाने एकाच पद्धतीने मोजलेले आकडेच तुलनेचे. दुसरं, हा सावकाश दाबल्याचा आकडा आहे. धावत येऊन केलेल्या भोसकण्यात पातं वाकायच्या आधीचा पहिला झटका याहून मोठा असतो.

आता लांबीचा हिशेब. वाकायला लागणारा भार लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात जातो. बाकी सगळं तेच ठेवून पातं ९८ वरून १०३ सेंटिमीटर केलं तर भार सुमारे १० टक्क्यांनी घटतो. जाडीचा परिणाम याहून मोठा: ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४ मिलिमीटरचं पातं ४.४ केलं की ते सुमारे ३३ टक्के ताठ होतं. मिलिमीटरच्या अंशात चूक झाली तरी तलवारीचा स्वभाव बदलतो तो यामुळे. एकाच कार्यशाळेतल्या दोन ‘मध्यम’ तलवारी कधी कधी वेगळ्या वाटतात त्याचंही हेच कारण. हाताने घासताना इतका फरक पडतोच.

पाणी चढवण्याबद्दलही (पोलाद तापवून, थंड करून कडक करण्याबद्दलही) एक गैरसमज आहे. पोलादाला जास्त कडक पाणी दिलं की पातं ताठ होतं असं लोक धरून चालतात. तसं नाही. पातं किती जोराने वाकेल हे जाडी, रुंदी आणि लांबीवर ठरतं. एकाच पोलादाला कसंही पाणी दिलं तरी तो आकडा जवळपास तोच राहतो. पाणी ठरवतं ते वेगळंच: वाकल्यावर पातं सरळ परत येईल, वाकडंच राहील की मोडेल. सरावाच्या तलवारींना ५१सीआरव्ही४ सारखं स्प्रिंगचं पोलाद आणि रॉकवेल सी मापनावर साधारण ४८ ते ५२ इतका कडकपणा ठेवतात. याहून फार मऊ पातं वाकून राहतं आणि त्याच्या कडेला पटापट खाचा पडतात. फार कडक पातं मोडतं, आणि मोडलेल्या टोकाला बोथटपणा नसतो. स्टेनलेस पोलादाचं लांब पातं कोणी स्वस्तात देत असेल तर ते भिंतीवर टांगायला घ्या, लढायला नको.

किलोच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो बाकाचा आकार. चांगलं पातं पुढच्या निम्म्या भागात गुळगुळीत कमानीसारखं वाकतं आणि मुठीकडचा तिसरा हिस्सा जवळपास सरळ राहतो. एकाच जागी कोपरासारखं वाकणारं पातं त्याच जागी एक दिवस मोडणार. पूर्ण लांबीभर वाकणारं पातं सुरक्षित असतं, पण पात्याला पातं भिडल्यावर नूडलसारखं लटपटतं. फॉर्ममध्ये हा रकाना नसतो. म्हणून वेगळ्या ओळीत लिहा: ‘बाक पुढच्या निम्म्या भागात हवा, मुठीकडे पातं ताठ.’ जाणकार कारागिराला त्यातून पात्याची जाडी कुठून कशी उतरवायची ते बरोबर कळतं.

टोक आणि कडा

टोकाचे दोन मुख्य प्रकार. एकात पात्याचं टोक तापवून मागे वळवतात आणि गुंडाळी करतात. दुसऱ्यात ते ठोकून पसरट, रुंद करतात. गुंडाळलेलं टोक टोपीशिवायही बऱ्यापैकी बोथट असतं, पण गुंडाळीची कड नीट बंद झालेली नसेल तर ती जॅकेटच्या कापडात अडकते आणि धागे ओढते. पसरट टोक हलकं राहतं, मात्र त्यावर रबराची किंवा चामड्याची टोपी हवीच. नियमांत टोपी सक्तीची असेल तर टोपी नीट बसेल असंच टोक मागवा. फार रुंद टोकावर टोपी चढत नाही, फार अरुंद टोक रबराला आतून भोक पाडतं.

टोपीचं वजन लोक विसरतात. १२ ग्रॅमची टोपी ९८ सेंटिमीटरवर बसली की आपल्या १५०० ग्रॅमच्या तलवारीचा तोल ८ वरून ८.७ वर जातो. कारागिराला विचारा की तोल टोपीसकट मोजलाय का. टोपी चिकटवून वरून भडक रंगाची टेप गुंडाळा; टोपी उडाली किंवा टोक रबरातून बाहेर आलं तर दोघांनाही लगेच दिसतं.

कडेची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास आणि कड गोल केलेली हवी. चौकोनी काप ठेवलेली कड नवी असताना देखणी दिसते, पण हातमोजे आणि जॅकेट झपाट्याने खाते.

मूठ: हातमोजे घालून मोजा

एवढा एक सल्ला पाळला तरी निम्म्या तक्रारी टळतात. हातमोज्याविना आवळलेल्या हाताची रुंदी साधारण ९ सेंटिमीटर असते. जाड संरक्षक हातमोज्यात तीच ११ ते १३ होते. उघड्या हाताने ‘छान बसतेय’ म्हणून घेतलेली २१ सेंटिमीटरची मूठ लढतीच्या दिवशी आखूड पडते, आणि मागचा हात पॉमेलवरून घसरत राहतो.

मापाची रीत: झाडूच्या दांड्याएवढी काठी घ्या. तिच्यावर क्रॉसगार्डची जागा म्हणून टेप लावा. हातमोजे घालून पुढचा हात टेपला लागून धरा, मागचा हात नेहमीसारखा. मागच्या हाताच्या करंगळीमागे खूण करा. पुढे-मागे पवित्रे बदला, हात एकमेकांवरून नेऊन वार करा, आणि दोन हात एकमेकांना घासतात का ते बघा. घासत असतील तर त्यांच्यामध्ये एक-दोन सेंटिमीटर मोकळी जागा वाढवा. मागचा हात पॉमेलवर धरणारे असाल तर खुणेपर्यंतच्या लांबीत पॉमेल धरा, नसाल तर पॉमेल वेगळं.

लांब मुठीचा फायदा तरफेचा. दोन हातांमधलं अंतर १२ वरून १५ सेंटिमीटर झालं की तेवढंच वळण द्यायला २० टक्के कमी जोर लागतो. तोटा असा की हात एकमेकांवरून जाणाऱ्या वारांत पॉमेल हाताच्या पुढच्या भागावर किंवा पोटावर आपटतं. पॉमेलसकट २७ ते ३० सेंटिमीटर बहुतेकांना पुरतात.

मुठीचा छेद अंडाकृती मागा, गोल नको. गोल मुठीत पात्याची कड कुठल्या बाजूला आहे हे जाड हातमोज्यातून कळत नाही आणि वार सपाट बसतो. जाडी नेहमीपेक्षा थोडी कमी सांगा, कारण हातमोज्याचा तळवा स्वतःची जाडी आणतो. ३० बाय २४ मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करा. मध्ये जाड आणि दोन्हीकडे निमुळती किंवा मध्यावर पायरी असलेली मूठ हाताची जागा न बघता सांगते. वरून चामडं, आणि चामड्याखाली दोरी गुंडाळलेली असेल तर पकड चांगली. नुसती दोरी बाहेरून गुंडाळली तर ती हातमोज्याचा तळवा घासून काढते.

क्रॉसगार्ड, कड्या, पॉमेल

क्रॉसगार्ड २२ ते २६ सेंटिमीटर. वादीचं म्हणणं होतं की ते मुठीइतकं लांब असावं. आजही तो अंदाज वाईट नाही. टोकं गोल हवीत. जवळच्या झटापटीत ती मास्कच्या जाळीवर आणि बरगड्यांवर येतात.

बाजूच्या कड्या म्हणजे क्रॉसगार्डच्या मध्यातून बाहेर आलेलं गोल कडं. ते अंगठ्याचं रक्षण करतं. पण आतली जागा मोजून घ्या: हातमोज्यातला अंगठा त्यात अडकत नाही ना? एकच कडी घेत असाल तर उजव्या हाताचे की डाव्या हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. आणखी एक, फारसं कोणी सांगत नाही असं: एकाच बाजूला कडी असली की तलवार उलटी करून धरता येत नाही, म्हणून नेहमी एकच कड मार खाते आणि ती दुप्पट वेगाने खराब होते. दोन्ही बाजूंना कड्या किंवा एकही नाही, हे जास्त सोयीचं.

पॉमेलचा आकार हाताच्या सवयीवर घ्या. नासपतीसारखं निमुळतं पॉमेल तळव्यात फिरतं आणि मागच्या हाताला धरायला सोपं. चाकासारखं चपटं पॉमेल दिसायला सुंदर, पण त्याची कड मनगटाला टोचते.

जोडणीचे दोन मार्ग. एकात टँग, म्हणजे मुठीतून जाणारी पात्याची शेपटी, पॉमेलच्या बाहेर काढून ठोकून बसवतात. ती कधी सैल होत नाही असं नाही, पण क्वचित होते. मात्र पातं मोडलं तर मूठ सहज वाचवता येत नाही. दुसऱ्यात टँगला आटे पाडून नट बसवतात. मग पातं, मूठ, पॉमेल सगळं बदलता येतं. त्याची किंमत म्हणजे देखभाल. नट धक्क्यांनी ढिला होतो, मूठ खुळखुळायला लागते आणि तशीच वापरली तर आतलं लाकूड चिरतं. आट्यांवर मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक (नट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, नट घट्ट करा, पण पान्यावर अंगाचा भार टाकू नका. जास्त आवळल्यानेही लाकूड चिरतं. पातं पुढे-मागे बदलण्याचा विचार असेल तर नट, नाहीतर ठोकलेली जोडणी. कुठलीही घ्या, पण एक विचारा: पातं जिथे अरुंद होऊन टँग सुरू होते तिथला कोपरा गोलाई देऊन काढलाय का? काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो, आणि मुठीच्या आत मोडणाऱ्या तलवारी बहुतेकदा तिथेच मोडतात.

कोरीव काम

नाव, चिन्ह, तारीख हवी असेल तर ती शिल्टवर किंवा पॉमेलवर घ्या. पात्याच्या वाकणाऱ्या भागात खोल ठसा मारणं म्हणजे चीर कुठे सुरू व्हावी याची जागा नेमून देणं. आरशासारखं चकचकीत पॉलिश पहिल्याच लढतीत ओरखड्यांनी भरतं. साटीन (मंद चमकेचं) फिनिश घ्या, सँडपेपर फिरवला की पुन्हा तसंच होतं.

एक भरलेला फॉर्म

१६५ सेंटिमीटर उंचीच्या, मध्यम ताकदीच्या माणसासाठी: एकूण लांबी १२८, पातं ९८, क्रॉसगार्डची जाडी १, मूठ पॉमेलसकट २९ सेंटिमीटर. क्रॉसगार्ड २४, टोकं गोल, कड्या नाहीत. वजन टोपीसकट १४५० ग्रॅमच्या आत. तोल टोपीसकट ६ ते ८. लवचीकपणा मध्यम, सुमारे १० किलो, बाक पुढच्या निम्म्या भागात. पसरट टोक, रबराची टोपी बसेल असं. अंडाकृती मूठ, मध्ये पायरी, दोरीवर चामडं. नासपती पॉमेल, नट.

त्याखाली एक ओळ: ‘मुठीची लांबी आणि कमाल वजन नेमकं हवं; बाकीच्या मापांत थोडा फरक चालेल.’ हाताने घडवलेल्या वस्तूत लांबी-वजनात थोडाफार फरक राहतोच. सगळंच नेमकं मागितलं तर कारागीर सगळीकडे थोडी तडजोड करतो. कुठे तडजोड नको ते सांगितलं की ती तिथे होत नाही.

एकहाती तलवारीला, उदाहरणार्थ रेपियर किंवा सेबरला, हाच क्रम लागू. फक्त मुठीकडचे आकडे बदलतात. रेपियरमध्ये तर्जनी क्रॉसगार्डवरून पुढे कड्यांत जाते, म्हणून कड्यांचा आतला व्यास हातमोज्यातलं बोट घालून मोजा. सेबरमध्ये हाताभोवतीच्या संरक्षक कवचात हातमोज्यासकट मूठ मावते का, हे आधी बघा.

तलवार हातात आल्यावर

वजन करा, तोल मोजा, काट्यावर लवचीकपणा मोजा. पातं डोळ्यासमोर धरून टोकाकडे बघा: सरळ आहे का? दोन्ही बाजूंना हलकं वाकवा, कमान दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. मूठ पकडून क्रॉसगार्डवर तळव्याने थाप मारा. खुळखुळ आली तर वापरण्याआधी परत पाठवा.

पुढे प्रत्येक सरावानंतर कापूस कडेवरून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे खाच आहे. बारीक कानशीने तिचं टोक उतरवा आणि १२० व मग २४० नंबरच्या सँडपेपरने गोल करा. पातं पुसून हलकं तेल लावा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि पातं गंजतं. टोक एक-दोन सेंटिमीटर वाकडं राहिलं तर गुडघ्यावर हळूहळू, लांब कमानीत सरळ करा. पण पुन्हा त्याच जागी वाकत असेल तर ती जागा थकली आहे. पात्याच्या कडेपासून आत गेलेली केसाइतकी चीर दिसली की ती तलवार त्या दिवसापासून बंद. वेल्डिंग करून ती सांधता येत नाही, कारण त्या उष्णतेने आसपासचं पाणी उतरतं आणि सांध्याच्या शेजारीच पातं पुन्हा मोडतं.

पहिल्या दिवशी मोजलेले तिन्ही आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी लवचीकपणाचा आकडा पुन्हा घ्या, त्याच काट्यावर, मूठ त्याच रीतीने धरून. तो बराच घसरला असेल तर वारंवार घासल्याने पातं पातळ झालंय, किंवा कुठेतरी चीर आहे जी अजून डोळ्यांना दिसलेली नाही.